पांडुरंग सांगवीकर हरला का?

काही कादंबऱ्या संपल्यावर आपण पुस्तक मिटत नाही. उलटंपालटं करून बघतो. शेवटचा फर्मा बांधायचा राहिला की काय, अशी शंका येते. मग पानांचे आकडे तपासतो. आकडे बरोबर असतात. पुस्तक खरंच तिथेच संपलेलं असतं.

इंग्रजी कादंबरी असेल तर सोय आहे. नाव टाइप करून पुढे ‘एंडिंग एक्सप्लेन्ड’ लिहिलं की दहा व्हिडिओ हजर होतात. मराठीला ही सोय नाही. ‘कोसला’चा शेवट समजावणारा व्हिडिओ शोधायला गेलात तर परीक्षेच्या नोट्स मिळतात, आणि त्यांत ‘अस्तित्ववादी जाणीव’ हे दोन शब्द शेवटाच्या जागी चिकटवून प्रश्न मिटवलेला असतो. पाच मार्कांपुरतं ते ठीक आहे.

मी नाशिकला द्वारकेजवळ राहतो. बाहेरगावच्यांसाठी: ही कृष्णाची द्वारका नव्हे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात आणि दोघंही तिथेच अडकून पडतात, तो हा चौक. वरून उड्डाणपूल गेला तरी खालची गर्दी खालीच राहिली. इथे बस थांबली की दहा-पंधरा पानं आरामात होतात, त्यामुळे माझं बरंचसं वाचन या चौकात झालेलं आहे. आणि कसं कोण जाणे, मला आवडतात त्या कादंबऱ्या सगळ्या एकाच जातकुळीच्या निघाल्या. आतून काळ्याकुट्ट, वरून हसवणाऱ्या, आणि शेवटी हात वर करणाऱ्या. मराठीत हे असे शेवट कधीपासून यायला लागले, आणि त्याआधी कादंबऱ्या संपायच्या तरी कशा, हे शोधत मागे मागे जाताना जे दिसलं ते इथे मांडतोय. शेवट फोडल्याशिवाय शेवटांबद्दल बोलता येत नाही, तेव्हा ज्यांना चालत नसेल त्यांनी इथेच उतरावं.

आमच्या शहराचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली १८५७ साली. म्हणजे नाशिकला वाचनालय आधी आलं आणि कादंबरी सतरा वर्षांनी. मला ही गोष्ट फार आवडते. मंडळी कपाट उघडून वाट बघत बसली होती जणू.

आणि जी कादंबरी आली तिला शेवट कसा करायचा याबद्दल काडीचीही शंका नव्हती. यमुना प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते, स्वतः विधवा होते, पुढे ख्रिस्ती होते आणि तिचं पुन्हा लग्न होतं. पदमनजींना विधवांच्या बाजूनं एक खटला मांडायचा होता आणि खटल्याला निकाल लागतो. चार वर्षांनी लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. तिथे सुधारणा वगैरे नाही, संकटांची माळ आहे. पण तिलाही शेवट पक्काच: सज्जनांचं भलं, दुर्जनांचं वाटोळं. सुधारक असो की रंजक, दोघांनाही वाचकाला घरी नेऊन सोडायचं होतं.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली. यमू आपली गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगते. नवरा जातो, तिचं केशवपन होतं, आणि शेवटी तीही जाते. हा शेवट सुखाचा नाही, पण संदिग्धही नाही. कुठे कुणाचं चुकलं हे शेंबडं पोरगंही सांगेल. शीर्षकातच लेखकानं प्रश्न विचारलाय खरा, पण तो आपल्याला टोचण्यासाठी आहे. उत्तर त्याला ठाऊक आहे.

एक बारीकशी गोष्ट इथे लक्षात ठेवा, पुढे लागेल. यमूवर आपला पूर्ण विश्वास असतो. ती रडते तेव्हा रडतेच. तिच्या बोलण्यात ‘ही आता थट्टा करतेय की काय’ असा संशय कुठेही येत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास असला की शेवटावरही बसतो.

आता एक आडवळण घेतो, कारण ‘संदिग्ध शेवट हे पाश्चात्त्य खूळ’ असं म्हणणारे भेटतात. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांना विचारून विचारून गोळा केल्या. छोटे छोटे प्रसंग, साधी बोली, आणि अधूनमधून चक्क हसू येतं. या चरित्राचा शेवट काय? महानुभावांच्या श्रद्धेनुसार स्वामी देह ठेवत नाहीत. ते उत्तरापंथे निघून जातात. मागे राहिलेल्यांच्या हाती मृत्यूची तिथी नाही, फक्त एक दिशा आहे. आणि मग ते आठवणी लिहायला बसतात.

ही श्रद्धेची गोष्ट आहे, तिला कादंबरीच्या मापानं मोजण्यात अर्थ नाही. पण आपल्या भाषेतल्या पहिल्या मोठ्या गद्य चरित्राचा नायक मरत नाही, निघून जातो, हे खरंच आहे. मग १८५७ नंतरच्या कादंबरीनं जो ठाम निकाल आणला, तो आपल्याकडे नवा होता असं म्हणायला जागा आहे.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’च्या नायकाचं नाव चक्रधर आहे, हा योगायोग मानू. साल १९३९. युरोपातून मुंबईला येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, त्यांच्यात हॅर्टा. चक्रधर विध्वंस हा बायकांवरचा विश्वास उडालेला, कडवट, तिरकस बोलणारा माणूस. दहा-बारा दिवसांचं प्रेम. मुंबईला तो उतरतो, तिला उतरता येत नाही. बोट पुढे जाते आणि पुढच्या प्रवासात ती समुद्रात जीव देते. घटना म्हणून पाहिलं तर यातही काही लपवलेलं नाही. पण इथे पहिल्यांदा सांगणाऱ्याबद्दल शंका येते. हा माणूस तिच्यावर प्रेम करत होता, की ते त्याला ती गेल्यावर सुचलं? मी तीनदा वाचली, तिन्ही वेळा वेगळं वाटलं.

चाळीसच्या दशकात मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ लिहून मनातली बडबड कागदावर आणायचा प्रयोग केला. पुढे १९५१ मध्ये वसंत कानेटकरांची ‘घर’ आली. हो, तेच कानेटकर. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’च्या आधी ते कादंबऱ्या लिहीत होते, आणि नाशिकच्या एचपीटी कॉलेजात शिकवत होते. नाटकांनी त्यांना इतकं मोठं केलं की त्यांच्या कादंबऱ्या आज त्यांच्याच शहरात कुणी मागत नाही. या दोघांच्या प्रयोगांना मान आहे, पण त्यांत हसू फारसं नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की मराठीत शेवट खऱ्या अर्थानं सुटा झाला तो हसण्यामुळे.

१९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ‘कोसला’ छापली. लेखक पंचवीस वर्षांचा, नायकही पंचवीसचा. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला येतो, होस्टेलात राहतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, मंडळं चालवतो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. एवढीच गोष्ट. पण सांगण्याची तऱ्हा अशी की दर दुसऱ्या पानावर आपण फिसकन हसतो. त्याचे ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पुढे एका पिढीच्या जिभेवर बसले. या शब्दांचं काम बघा. ‘मी दुःखी वगैरे झालो’ असं कुणी म्हणालं तर तो दुःखी झाला की नाही? दोन्ही. वाक्य बोलून झालं आणि बोलणारा त्याच्यापासून दोन पावलं लांबही उभा राहिला.

यमूच्या बाबतीत जे कधीच होत नाही ते पांडुरंगाच्या बाबतीत पानोपानी होतं. हा आता खरं बोलतोय की थट्टा करतोय, हे कळत नाही. अपवाद एकच. धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते. त्या पानांवर त्याची थट्टा चालत नाही. ती उन्मळून पडते, आणि आधीचं सगळं हसणं कशावर झाकण घालत होतं ते क्षणभर दिसतं. मग झाकण पुन्हा बसतं. त्यानंतर तो कितीही हसवो, आपण सावध असतो.

म्हणून शेवटाला पोचतो तेव्हा पंचाईत होते. पांडुरंग गावात आहे. रात्री आहेत, गप्पा आहेत, रिकामटेकडे दोस्त आहेत, आणि हातून गेलेल्या वर्षांचा एक विचित्र हिशेब आहे, ज्यात ती वर्षं गेली की जमा झाली हेच ठरत नाही. ही शांतता आहे की शरणागती? पुस्तकात काहीही दडवलेलं नाही. घटना सगळ्या समोर आहेत. आपल्याला फक्त सूर कळत नाही. शेवट कळत नाही म्हणजे नेमकं काय, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. पुढे काय झालं हे माहीत नसणं ही त्यातली छोटी अडचण. जे झालं ते सांगताना हा माणूस हसत होता की नाही हे माहीत नसणं, ही मोठी.

या प्रश्नावर मी बराच काळ सुखानं डोकं चालवत होतो, कारण तो माझ्यासाठी वाचनाचा प्रश्न होता. माझा मामेभाऊ कळवणचा. तो चार वर्षं नाशकात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देत होता. दोनदा पूर्व झाली, मुख्य निघाली नाही. गेल्या वर्षी गाशा गुंडाळून घरी गेला. जाताना माझी ‘कोसला’ नेली, प्रवासात वाचायला काहीतरी असावं म्हणून. महिन्याभरानं रात्री त्याचा फोन आला.

‘‘दादा, तो शेवटी हरला का रे?’’

मी त्याला सुराबद्दल, ‘वगैरे’बद्दल सांगायला लागलो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘‘ते ठीक आहे. पण घरचे काय म्हणत असतील त्याला?’’

समीक्षकांनी ‘कोसला’वर जेवढं लिहिलंय तेवढं मराठीत फार थोड्या कादंबऱ्यांवर लिहिलं गेलं असेल. हा प्रश्न असा सरळ मी तरी कुठे वाचला नव्हता. त्यानंतर मला शेवटाची ती पानं वेगळी दिसायला लागली. परतलेल्या माणसाला घर असतं, आणि बाप कमावता असतो म्हणून तो रात्री गप्पा मारू शकतो. पांडुरंगाचा बाप सधन आहे. पोरगा वाया गेला तरी जेवायला ताट आहे. संदिग्ध राहायला थोडी जमीन लागते.

हे किती खरं आहे ते पाहायला द्वारकेहून लांब जावं लागत नाही. पुण्याच्या रस्त्यानं नाशिकरोडकडे निघालात की पुढे विहितगाव लागतं. बाबूराव बागुलांचा जन्म तिथला, १९३० चा. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला तो १९६३ सालीच. ‘कोसला’चंच वर्ष. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि खोली मिळावी म्हणून जात लपवतो. स्वतः बागुलांनीही रेल्वेत नोकरी केली होती. कथेत कडवट विनोद आहे, बरं का. त्याला वरच्या जातीचा समजून लोक जो आदर दाखवतात तो वाचताना हसू येतं आणि त्याच क्षणी घशात अडकतं. मग बिंग फुटतं. तो मार खातो. काशिनाथ नावाचा जातभाई त्याला सोडवतो.

शेवट संदिग्ध आहे का? अजिबात नाही. कुणी मारलं, का मारलं, त्याच्या मागे कितीशे वर्षांचा कायदा उभा आहे, सगळं लख्ख आहे. बागुलांना इथे हात वर करून चालणारच नव्हतं. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्यानं ‘मार बसला वगैरे’ असं म्हणावं ही अपेक्षा कुणी करू नये. एकाच वर्षी आलेली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की वाटतं, उघडा शेवट प्रगत आणि बंद शेवट मागासलेला अशी जी शिडी आपण मनात धरून बसतो ती फेकून द्यावी. पदमनजींनाही मग जरा माफ करता येतं. १८५७ साली विधवेच्या गोष्टीला संदिग्ध शेवट करणं ही चैन झाली असती.

भाऊ पाध्यांनी तिसरी वाट काढली. ‘वासूनाका’ १९६५ ची. मुंबईतल्या नाक्यावरची पोरं, सांगणारा पोक्या, आणि एकामागून एक किस्से. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर अश्लीलतेचा भडिमार केला आणि पुस्तक गाजलं. गदारोळ शिव्यांवरून आणि शरीरावरून झाला, पण मला वाटतं वाचक खरे अस्वस्थ झाले ते वेगळ्या कारणानं. या पोरांना काही धडा मिळत नाही. कुणी सुधारत नाही, कुणाला देव शिक्षा करत नाही. नाका कालच्यासारखाच आज भरतो. जमीन नाही, परतायला गाव नाही, तरी शेवट उघडा. म्हणजे माझा वरचा जमिनीचा सिद्धांत पाध्यांनी निम्मा तरी मोडलाच. मोडू दे.

नंतरची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती वाचण्याची आहे, सांगण्याची कमी. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ ची. तिचं नावच चुकीचा पाढा आहे. सहा साते बेचाळीस. उरलेला एक कुठून आला याचा शोध घ्यायचा तर घ्या. विलास सारंगांची ‘एन्कीच्या राज्यात’ १९८३ ची: मराठी प्राध्यापक इराकच्या बसऱ्यात शिकवायला जातो आणि हुकूमशाहीतल्या भीतीत रोजचं हास्यास्पद आयुष्य जगतो. सारंग स्वतः तिथे शिकवून आलेले. त्याच वर्षी श्याम मनोहरांची ‘हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव’ आली. मनोहरांचं हसू सगळ्यांत विचित्र. वाक्यं शाळकरी पोराची असावीत इतकी छोटी आणि साधी, माणसं मध्यमवर्गीय, घरातली, आणि वाचता वाचता पायाखालची फरशी सरकते. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे असेल, पण प्रयोग मांडून ठेवतात आणि निष्कर्षाची ओळ कोरी सोडतात. नव्यानं वाचायला घेणाऱ्यांनी त्यांच्यापासून सुरुवात करू नये असं लोक सांगतात. मी म्हणेन करावी. धड काही माहीत नसताना मनोहर जास्त हसवतात.

या सगळ्यांच्या मागे काफ्का उभा आहे हे सांगायलाच हवं. त्याची एक गोष्ट इथे कामाची आहे. ‘द कासल’चं हस्तलिखित वाक्याच्या मध्येच तुटतं. काफ्का १९२४ मध्ये गेला. मित्र मॅक्स ब्रॉडनं १९२६ साली कादंबरी छापली तेव्हा शेवटाकडचा बराच मजकूर गाळला, म्हणजे ती जरा संपल्यासारखी वाटेल. ब्रॉडला नावं ठेवणं सोपं आहे. पण अर्ध्यावर तुटलेलं वाक्य हातात आलं की ते पूर्ण करावंसं वाटणं हे फार माणसासारखं आहे. नोट्स लिहिणारेही ब्रॉडचेच चुलतभाऊ.

‘कोसला’ या नावाबद्दल एक. कोसला म्हणजे रेशीमकिड्याचा कोष. आपण सहज म्हणतो, कोषातून फुलपाखरू बाहेर पडतं, म्हणजे आशा आहे. पण आमच्या जिल्ह्यात येवला आहे, पैठणीचं गाव, तेव्हा रेशमाचं गणित इथे थोडं तरी ठाऊक असतं. अखंड धागा हवा असेल तर किडा आत असतानाच कोष उकळत्या पाण्यात टाकतात. पतंग कोष फोडून बाहेर आला तर तो जगतो, पण धाग्याचे तुकडे होतात. किडा वाचवायचा की धागा, दोन्ही मिळत नाही. पांडुरंगानं आपली गोष्ट आपल्याला एकसंध सांगितली आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कुठेही न तुटता. हे लक्षात आलं त्या दिवशी मला ते नाव आवडेनासं झालं, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त आवडलं.

हेही मी मामेभावाला फोनवर सांगितलं. शिवाय सांगितलं की नेमाड्यांनी पुढे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ अशा चार कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांचा नायक चांगदेव पाटील. २०१० च्या ‘हिंदू’मध्ये खंडेराव. पांडुरंगाची गोष्ट कुणी पुढे नेली नाही.

‘‘म्हणजे घरी बसून त्यानं पुढे काय केलं तेही नाही? शेती बघितली की नाही?’’

‘‘बघतो परत वाचून,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्याकडे काय चाललंय?’’

‘‘लाइट आलीय,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी भरायला चाललोय. पुस्तक ठेवू का अजून थोडे दिवस?’’